शाळा उघडण्याआधी शाळेत राबणारी माणसं (नाशिक)

गोदातीर

15 जूनला शाळेच्या फाटकाला तोरण लागतं, पहिलीतल्या पोरांना ओवाळतात, हातात गुलाबाचं फूल देतात, कुठे कुठे बैलगाडीतून मिरवणूकही निघते. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच फोटो. पाहुणे असतात, मुख्याध्यापक असतात, बाई-सर आणि मुलं असतात. शाळा उघडण्याजोगी ज्यांनी केली ती माणसं मात्र फोटोत नसतात. हा धागा त्यांच्यासाठी.

मी पंचवटीतल्या एका अनुदानित शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जाणं-येणं होतं. महिनाभर बंद राहिलेल्या इमारतीची काय दशा होते ते एकदा बघायला हवं. वळवाच्या वाऱ्याबरोबर धूळ खिडक्यांच्या गजांतून आत येते, मागून पाऊस येतो आणि बाकांवर मातीचा पापुद्रा धरतो. पंख्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर कबुतरांचे संसार. गच्चीवर गुलमोहराचा पाला आणि शेंगा पन्हळीच्या तोंडाशी जाऊन बसलेल्या. हे तसंच राहिलं तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिन्यावरून खालच्या वर्गात उतरतं.

आमच्या शाळेत हे सगळं एक मामा आणि दोन मावशी मिळून उरकतात. कबुतरांची घाण मामा कधी कोरडी झाडत नाहीत. आधी फिनेलचं पाणी शिंपडून भिजवायची, वाट बघायची, मग पत्र्याने खरवडायची. कोरडी झाडली की ती धूळ छातीत जाते, हे त्यांना कुणी प्रशिक्षण देऊन सांगितलेलं नाही. मावशींची बाकं तपासायची पद्धत तर मी बघतच राहिले. जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन त्या प्रत्येक बाकावरून, कडेवरून आणि खालच्या बाजूनेही फिरवतात. जिथे धागा अडकला तिथे खडूची फुली. मागून मामा हातोडी घेऊन येतात आणि फुलीवरचा खिळा आत ठोकतात किंवा निघालेली पट्टी घासतात. "पोरींच्या स्कर्टला इथेच खोंबारा लागतो," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. वर्षभरात किती मुलांचे कपडे आणि मांड्या या एका फडक्याने वाचत असतील!

तुमच्या शाळेत, मुलांच्या शाळेत, गावाकडे हे काम कोण करतं, नेमकं काय करतं, ते लिहा. आणि त्याची दखल कशी घ्यावी तेही.

जुनं रजिस्टर

चांगला विषय घेतलात ताई. नाशिक शहरातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कार्यालयाची बाजू सांगतो.

लोकांना वाटतं मे महिन्यात शाळेला सुट्टी. कार्यालयाला ती नसते. निकाल लागला की दाखल्यांची रांग सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही जनरल रजिस्टरशी ताडून घ्यावी लागते. तिथे एक अक्षर चुकलं तर त्या मुलाला पुढे पासपोर्टपर्यंत त्रास. त्याच वेळी नवे प्रवेश, आधारची जुळणी, यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत विद्यार्थी वर्ग करणं हेही चालू असतं. मग पुस्तकं. पहिली ते आठवीची मोफत पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या भांडारातून तालुक्याला, तिथून केंद्रावर आणि मग शाळेत पोहोचतात. टेम्पो आला की गठ्ठे उतरवणं, इयत्तावार लावणं, मोजणं, कमी भरले तर त्याच दिवशी कळवणं. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पुस्तक पडतं ते या मोजणीमुळे.

पण मला सांगायचंय ते आमच्या शिपायाबद्दल. दर उन्हाळ्यात तो जुनी जनरल रजिस्टरं कपाटातून काढायचा, व्हरांड्यात सतरंजीवर सावलीत मांडायचा, पानं हलक्या हाताने उलटायचा, कपाटाच्या फळ्या पुसून कडुनिंबाचा सुकलेला पाला आणि डांबरगोळ्या ठेवायचा आणि सगळं पुन्हा वर्षाच्या क्रमाने लावायचा. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून. वाळवी भिंतीतूनच चढते. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या शाळांतून नोंदी मागवायला लागले, तेव्हा आमच्याकडची सगळी रजिस्टरं वाचता येण्याजोगी निघाली. कितीतरी घरांच्या जातीच्या पुराव्याचं काम त्या कागदांवर झालं. त्या माणसाच्या सेवापुस्तकात याची एक ओळ नाही.

रविवार कारंजा

मुद्दा भावनिक आहे, पण थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. ही माणसं पगार घेतात आणि काम करतात. बँकेतला शिपाई, महापालिकेतला वायरमन, सगळेच करतात. प्रत्येकाचा सत्कार करत बसलो तर त्या सत्काराला किंमत उरणार नाही. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन आपण मोकळे होतो आणि उरलेलं वर्ष त्यांच्या हाताला साधे हातमोजेही नसतात. मला सत्कारापेक्षा ते जास्त खटकतं.

जुनं रजिस्टर

हातमोज्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पगाराबद्दल मात्र थोडी माहिती देतो.

11 डिसेंबर 2020 चा शासन निर्णय आहे. खासगी अनुदानित माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमधला चतुर्थ श्रेणी कर्मचारी निवृत्त झाला की ते पद पुन्हा भरायचं नाही. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो, महिन्याला ग्रामीण भागात 5,000, नाशिकसारख्या महापालिका क्षेत्रात 7,500 आणि मुंबई-पुण्यात 10,000 रुपये. म्हणजे ज्याला शिपाई, नाईक, पहारेकरी, सफाई कामगार, प्रयोगशाळा परिचर म्हणत होतो, ते पद हळूहळू संपणार. काम तेवढंच राहणार. गच्ची तेवढीच, बाकं तेवढीच, कबुतरंही तेवढीच.

आता 7,500 रुपयांत नाशिकमध्ये कोण पूर्णवेळ माणूस मिळतो? अंबडच्या कारखान्यांत साध्या हेल्परलाही त्याहून जास्त मिळतात. मग शाळा अर्धवेळ माणूस ठेवते, तो सहा महिन्यांत दुसरीकडे जातो, पुन्हा नवा. ताईंनी ज्या मामांबद्दल लिहिलं ते बहुतेक शेवटच्या पिढीतले असतील. त्यांच्यामागे त्यांचं पद नाही.

अंबड लाइन

मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे. आई सिडकोतल्या एका शाळेत मावशी होती. तिच्यामुळे शाळेच्या आतली बाजू लहानपणापासून बघितली. आज मी मे अखेरीस एक रविवार काढून माझ्या जुन्या शाळेची वायरिंग बघून देतो, त्यावरून सांगतो.

बंद इमारतीत उंदीर वायर कुरतडतात. महिनाभर न फिरलेला पंखा चालू केला की नुसता घूं घूं करतो. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, साठ-सत्तर रुपयांचं काम. पण पंख्याचा हुक आणि त्यातली पिन कुणी बघत नाही. मुलांच्या डोक्यावर टांगलेली वस्तू आहे ती, वर चढून हाताने हलवून बघायलाच हवी. पिण्याच्या पाण्याच्या कूलरला अर्थिंग आहे का, हे पावसाआधी तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. ओले हात, ओली फरशी आणि स्टीलचा नळ. इथे चूक परवडत नाही. शाळेत वायरमनचं पद नसतंच. हे सगळं शिपाईच लक्षात ठेवून मुख्याध्यापकांच्या कानावर घालतो, तेव्हा कुठे माणूस बोलावला जातो.

आता टाकीचं सांगतो, कारण आई ते करायची आणि लोकांना त्यातलं काही माहीत नसतं. टाकी आधी पूर्ण रिकामी करायची. आतला गाळ बादलीने काढायचा, भिंती ब्रशने घासायच्या, धुतलेलं पाणीही वॉशआउटमधून सोडून द्यायचं. मग टाकी भरून टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, हजार लिटरला पाच ग्रॅम. ती तशीच टाकीत भुरभुरायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. अर्धा तास कुणी प्यायचं नाही. आणि तपासायचं ते टाकीवर नाही, सगळ्यात लांबच्या नळावर. ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकून पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरिन तिथपर्यंत पोहोचला. लांबचा नळ का, तर आई म्हणायची, बालवाडीचा नळ सगळ्यात शेवटी आहे, आणि आजारी पडणार ती आधी बालवाडीतली पोरं.

ती सातवी शिकलेली होती. शाळेतल्या दीडशे पोरांची तब्येत तिच्या हातात होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

गोदातीर

अंबड लाइन, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

रविवार कारंजा, तुमचं म्हणणं मला पटतंय, पण अर्धंच. पगार कामाचा मिळतो. मामांना पन्हळीचं तोंड कुठे आहे, कोणत्या वर्गाच्या कोपऱ्यात ओल येते, खालच्या मजल्याचा पाण्याचा कॉक कुठल्या झाकणाखाली आहे हे माहीत आहे, त्याचा पगार कुठे मिळतो? त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. एकाही किल्लीवर चिठ्ठी नाही. नुसत्या बोटांनी चाचपून ते प्रयोगशाळेची किल्ली काढतात. जुनं रजिस्टर म्हणतात तसं त्यांच्यामागे पदच नसेल, तर हे सगळं ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाणार.

हरसूल घाट

त्र्यंबक-पेठ पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे मामा-मावशींचा प्रश्नच नाही, कारण प्राथमिक शाळेला शिपायाचं पद नसतं. दोन शिक्षक, स्वयंपाकी ताई आणि गाव. शाळा उघडायची ती आम्हीच उघडतो.

इकडचा पाऊस शहरातल्यासारखा नाही. एकदा धरला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. त्यामुळे 15 जूनच्या आधी कौलं शाकारून झाली नाहीत तर मुलांना बसवायचं कुठे? गावातले दोन-तीन बाप्ये वर चढतात, फुटकी कौलं खाली देतात, वासा कुजलेला असेल तर सांगतात. मजुरी मागत नाहीत. त्यांची स्वतःची पेरणीची घाई असते, भाताचं राब भाजून रोपं टाकायची असतात, तरी एक दिवस शाळेला देतात. मुलांच्या बापांपेक्षा ज्यांची मुलं शिकून बाहेर गेली तेच जास्त येतात, हे मी पाहिलंय.

बंद खोलीत चटया आणि जुन्या फळ्यांचा ढीग असतो, तो हाताने उचलायचा नाही. आधी लांब काठीने आपटायचं. मण्यार किंवा फुरसं निघतं. निघालं तर सर्पमित्राला फोन करायचा, मारायचं नाही. आता मुलंही तसंच सांगतात.

आणि आमच्या स्वयंपाकी ताई. शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी त्या येतात. उरलेला तांदूळ चाळायचा, निवडायचा, ऊन असेल तेवढ्यात अंगणात पसरायचा. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, फळ्यांवर ठेवायची, भिंतीला टेकवायची नाहीत. मोठी पातेली राखेने घासून आतून बोट फिरवून बघायची. गॅसची नळी साबणाच्या पाण्याने तपासायची, बुडबुडा आला तर शेगडी पेटवायचीच नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम असं प्रमाण आहे. ते मोजमाप ताईंच्या हातात इतकं बसलंय की पट बघितला की त्या मापटं न मोजता बरोबर काढतात. मी एकदा वजन करून पाहिलं, फरक नव्हता.

त्यांना मानधन महिन्याला 2,500 रुपये. 2023 पर्यंत ते 1,500 होतं. तेही वर्षातले दहा महिनेच. शाळा बंद असताना केलेल्या या साफसफाईचं काहीच नाही. आमच्या मुलांतली काही सकाळी घरून काही न खाता येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या ताटात गरम खिचडी पडते ती या बाईंनी आठवडाभर आधी केलेल्या कामामुळे. रविवार कारंजा, तुम्ही म्हणता ते पगाराचं गणित इथे लागूच होत नाही.

पिवळी गाडी

स्कूल बस चालवतो, नाशिकरोड ते गंगापूररोड. आमच्याबद्दलही दोन शब्द. 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळा उघडण्याआधी गाडीचं फिटनेस, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, आपत्कालीन दार, सगळं तपासून घ्यावं लागतं. पेठरोडला आरटीओत जूनच्या आधी रांग असते. पण माझ्या गाडीत खरं काम ताई करतात, गाडीतल्या सहायक. शाळा सुरू होण्याआधी त्या प्रत्येक थांब्यावर माझ्याबरोबर येतात आणि कुठलं मूल कुठे उतरणार, घ्यायला कोण येणार, आजी की शेजारच्या काकू, हे लिहून पाठ करतात. अनोळखी माणसाच्या हाती मूल देत नाहीत म्हणजे नाहीत. त्यावरून पालकांची बोलणी खातात, तरी देत नाहीत.

सुरगाणा डायरी

आश्रमशाळांचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. तिथे शाळा उघडणं म्हणजे मुलांचं घर उघडणं. कामाठी आणि स्वयंपाकी आधी येऊन गाद्या, पलंग, न्हाणीघर, सौरबंब, धान्यकोठी बघतात. रात्री लहान मूल रडायला लागलं की त्याच्याजवळ जाऊन बसणारीही बहुतेक वेळा हीच माणसं. यातली कित्येक वर्षानुवर्षं रोजंदारीवर आहेत. 2025 च्या पावसाळ्यात बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन झालं, त्यात तीच रस्त्यावर बसली होती. भर पावसात. दखल घ्यायची तर त्यांच्या नोकरीची घ्या.

मतदान केंद्र

एक वेगळा प्रसंग. 20 मे 2024 ला नाशिक आणि दिंडोरी लोकसभेचं मतदान होतं. आमची शाळा केंद्र होती. बाकं बाहेर, टेबलं आत, भिंतींवर केंद्रांचे क्रमांक चिकटवलेले, बाहेर फक्कीच्या रेषा, दोन दिवस शेकडो माणसांचा राबता. मतदान संपून पेट्या गेल्या, कर्मचारी गेले, पोलीस गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत फक्त मामा होते आणि चोवीस वर्गांची बाकं. कुठल्या वर्गातलं बाक कुठे गेलं ते त्यांनी आधीच बाकाच्या पाठीमागे खडूने लिहून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. निवडणुकीचं काम केल्याचा भत्ता सगळ्यांना मिळाला, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

रविवार कारंजा

वाचतोय सगळं. माझं म्हणणं आता नीट मांडतो. सत्कार करू नका असं नाही. सत्काराआधी तीन गोष्टी व्हाव्यात. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्तात या माणसांनी काय काम केलं ते नावानिशी लिहिलं जावं, कारण लिहिलेलं राहतं. जुनं रजिस्टर यांनी सांगितलं तसं सेवापुस्तकात नसेल तर निदान इथे असावं. दुसरं, साफसफाईचं साहित्य शाळेने किंवा संघाने घ्यावं, मावशींनी घरून फडकी आणू नयेत. आणि तिसरं, मामांच्या डोक्यातलं सगळं कागदावर यावं. किल्ल्या, कॉक, गळती, टाकी. त्यांच्याच तोंडून, आणि वर त्यांचं नाव घालून.

गोदातीर

हे मी आमच्या सभेत मांडते. इतिवृत्ताचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे ते नक्की होईल. किल्ल्यांचं काल मामांशी बोलले. आधी संकोचले, मग म्हणाले, "लिहायचं तर गच्चीपासून सुरुवात करू, खालून नको. पाणी वरून येतं." आठवीची दोन मुलं लिहून घेणार आहेत, मामा दाखवतील तिथे फोटो काढणार आहेत.

मावशींना विचारलं काय हवंय. साडी वगैरे म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी गमबूट मागितले. स्वच्छतागृह धुताना चप्पल घसरते आणि ॲसिडने पायाची साल निघते, म्हणाल्या.

अंबड लाइन

गमबूट घेताना मावशींना सोबत न्या, माप त्यांच्याच पायाचं घ्या. पुरुषांच्या मापाचे घेतले तर आत पाय हलतो आणि ओल्या फरशीवर जास्त घसरतात. अंबड आणि सातपूरला कारखान्यांच्या सुरक्षा साहित्याची दुकानं आहेत, तिथे लहान मापं मिळतात. हातमोजे कोपरापर्यंतचे घ्या, पातळ नकोत. आणि ॲसिड वापरणंच बंद करा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकून एकत्र झाली तर क्लोरिन वायू होतो, बंद संडासात तो जिवावर बेततो. साधं टॉयलेट क्लीनर आणि लांब दांड्याचा ब्रश पुरतो.

गच्चीचं काम कधी करताय? पन्हळीला जाळी बसवून देतो, म्हणजे दरवर्षी पाला काढायला मामांना कठड्यावर वाकावं लागणार नाही.

गोदातीर

7 जूनला, रविवारी सकाळी आठला. शिडी शाळेत आहे पण तिची एक पायरी ढिली आहे, तुमची आणता आली तर बरं. मामा असतीलच, कुठल्या तोंडाला जाळी आधी लावायची ते तेच सांगतील. पोहे-चहा पालकांकडून, मावशींना त्या दिवशी कुठलंही काम सांगायचं नाही असं ठरलंय.

जुनं रजिस्टर

मीही येतो. रजिस्टरांच्या कपाटाचं टिपण मामांकडून मी लिहून घेईन, त्यातले शब्द मुलांना कळायला वेळ लागेल.